व्हय म्हाराजा म्हणण्याआधी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना कुणीतरी म्हणायचं, बाईंनी उगीच तिखटमीठ लावलंय. मला लिफ्टची भीती वाटते, माशाच्या काट्याची वाटते, रस्ता ओलांडायची तर फारच वाटते. अंबाजोगाईत त्यातल्या त्यात बरं आहे. लिफ्टा फारशा नाहीत, मासे क्वचित, आणि रस्त्यात समोरून येणारा स्कूटरवाला बहुतेक वेळा आपलाच जुना विद्यार्थी निघतो. तो थांबतो. मुंबईत कोण थांबतंय! पण तिकडून परत आले ती एक वेगळीच भीती पदरात घेऊन आले, आणि तिच्यापुढे ह्या सगळ्या किरकोळ वाटायला लागल्यात. कॉलेजात जो तो विचारतो, "मॅडम, मुंबईत काय काय पाहिलं?" एका वाक्यात काय सांगू? म्हणून लिहायला बसले.

मी तत्त्वज्ञान शिकवते, म्हणजे मुलं वर्गात येतील तेव्हा शिकवते. मुंबईतल्या एका संस्थेने आठवडाभराचं अभ्यासशिबिर ठेवलं होतं. तत्त्वज्ञान, साहित्य आणि संगणक ह्या तीन विषयांची माणसं एका गटात बसवायची आणि तिघांनी मिळून एकाच प्रश्नावर काम करायचं. आमच्या गटाचा प्रश्न मीच हौसेने सुचवला होता: बोलतो तो कोण? शब्द यंत्राने जुळवले, आवाज एका माणसाचा वापरला, ऐकणारे भलतेच. मग ते बोलणं कुणाचं? कागदावर प्रश्न फार छान दिसत होता. प्राचार्य म्हणाले, "अवश्य जा, कॉलेजचं नाव होईल." आमचे हे म्हणाले, "जा, पण लिफ्टात एकटी चढू नकोस."

गिरगाव

उतरायची सोय गटातल्या संगणकवाल्या मुलीकडेच झाली. ग्लेनिस तिचं नाव. गिरगावातल्या एका गल्लीत त्यांचं जुनं लाकडी जिन्याचं घर, दारात क्रूस, क्रूसाला झेंडूची माळ. लिफ्ट नाही हे पाहून मी मनातल्या मनात हात जोडले. घरात ग्लेनिस आणि तिची आई, एडना आंटी. ग्लेनिसचं मराठी म्हणजे रेसचा घोडा. "ताई, टेन्शन नका घेऊ, इथे सगळं चालतं," हे तिचं पहिलं वाक्य, आणि ते ऐकूनच मला टेन्शन आलं.

आंटींनी जेवायला तळलेले बोंबील वाढले. मी ताटाकडे बघत बसले. आमच्याकडे मटणाचं वावडं नाही, पण लहानपणी मामांच्या घशात काटा अडकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. आंटी हसून म्हणाल्या, "खा गं बाय, बोंबलाला कसला काटा? तोंडात विरघळतो." खरंच विरघळला. मी लाज सोडून पुन्हा मागून घेतले.

जेवताना ग्लेनिसने आईला आमचं काम सांगितलं. लालबागचे एक घाडीकाका आहेत, त्यांच्या घशाचं ऑपरेशन होऊन आवाज कायमचा गेलाय. त्यांचा आवाज जुन्या रेकॉर्डिंगवरून यंत्राला शिकवायचा, आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकवून नव्या गाऱ्हाण्याचे शब्दही यंत्रालाच जुळवायला लावायचे. आंटींचा हात ताटातच थांबला. "गेलेला आवाज परत बोलवायचा नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर काय येईल सांगता येत नाही." ग्लेनिस हसली. मी नाही हसले.

आमच्या गटातले साहित्याचे सर अकोल्याहून आले होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चौपाटीवर पाणीपुरी, भेळ आणि वर काला खट्टा गोळा असा समाचार घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीत आडवे झाले ते शेवटपर्यंत उठले नाहीत. यंत्र जे जे जुळवेल ते वाचून तपासणं हे त्यांचं काम होतं. ते माझ्याकडे आलं. हे लक्षात ठेवा.

लालबाग

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या लोकांसाठी सांगते. आपण देवीपुढे जातो, डोळे मिटतो, जे मागायचं ते मनात मागतो. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यालासुद्धा पत्ता लागत नाही. कोकणातल्या माणसांचं तसं नाही. त्यांच्यात एक जाणता माणूस देवाला मोठ्यांदा हाक मारून सगळ्यांच्या वतीने मागणं घालतो, आणि एकेका वाक्याला जमलेली मंडळी एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" म्हणजे होय महाराजा, आमचंही हेच म्हणणं. मागणंही उघड आणि साक्षीदारही उघड. मला वाटलं, हे काय बाई, देवाजवळसुद्धा खासगी म्हणून काही नाही!

घाडीकाका पूर्वी गिरणीत साच्यावर होते. शेकडो मागांच्या खडखडाटावर बोलून बोलून कमावलेला आवाज. चाळीत कुणाचं लग्न असो, गणपती निघो, कुणी गावाला जावो, गाऱ्हाणं काकांचंच. आता ते खिडकीशी खाटेवर बसलेले, गळ्यातल्या भोकावर पांढरं मलमलचं फडकं, हातात मोबाईल. बोलायचं असलं की आधी चुटकी वाजवायची, मग एका बोटाने टाइप करून फोन समोर धरायचा. मला पाहून त्यांनी टाइप केलं, "मास्तरीण भियाता कित्याक?" मास्तरीण घाबरते कशाला! आत पाऊल टाकल्या टाकल्या ओळखलं हो मला.

त्यांचा मुलगा नितीन ग्लेनिसच्या ऑफिसातला. सून सायली आठव्या महिन्यात होती. आधी दोनदा पोटातलं गेलं होतं, ह्या वेळी रक्तदाब चढलेला, आणि डॉक्टरांनी परळच्या हॉस्पिटलात भरती व्हायला सांगितलं होतं. एवढी मोठी गोष्ट आणि काकांचं गाऱ्हाणं नाही, ही कल्पनाच त्या घराला सहन होत नव्हती. म्हणून नितीनने ग्लेनिसला गळ घातली होती. आमच्यासाठी प्रयोग होता, त्यांच्यासाठी नव्हता, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं.

चाळभर हिंडून आम्ही लोकांच्या फोनमधली काकांची रेकॉर्डिंग गोळा केली. कुठे लग्नातलं, कुठे पाठवणीतलं, कुठे कुणाच्या आजारपणातलं. ग्लेनिसने ती यंत्राला दिली आणि पुन्हा गेलो तेव्हा लॅपटॉप उघडून बटण दाबलं.

"बा देवा म्हाराजा!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. समोर माणूस तोंड मिटून बसलाय आणि खोलीभर त्याचाच आवाज! सायलीने पदर तोंडाला लावला. शेजारच्या परबवहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या, "काकांक आवाज ईलो?" आणि लॅपटॉप बघून उंबऱ्यातच थिजल्या. काकांचा हात गळ्याच्या फडक्यावर गेला होता. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही. मग चुटकी वाजली. फोनवर लिहिलेलं होतं, "दम खंय घेवचो ता शिकवा तेका. असा बोललंय तर मरान मी." श्वास कुठे घ्यायचा ते शिकवा त्याला, असं बोललो तर मरेन मी. सगळे हसले. मीही हसले.

दादर

गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळी दादरला फुलं आणि नारळ घ्यायला गेलो. फुलबाजारात पुलाखाली ती गर्दी, डोक्यावरून टोपल्या चाललेल्या, पायाखाली चिखल आणि तुडवलेल्या पाकळ्या. मी ग्लेनिसची ओढणी घट्ट धरून चालत होते. आमच्याकडे झेंडू शेतातून थेट गोणीने येतो. इथे एक फूलवाला मला म्हणाला, "काकी, हात नका लावू, फक्त बघा." बघायलासुद्धा भीती वाटली.

चहा पिताना ग्लेनिसने विचारलं, "ताई, मशीन प्रॉमिस करू शकते का?"

मी लगेच मास्तरकी झाडली. म्हटलं, "नाही. वचन द्यायचं तर आधी ते मोडायची भीती वाटावी लागते. यंत्राला कसली भीती? म्हणून यंत्राचं वचन म्हणजे नुसता आवाज." ग्लेनिस म्हणाली, "वा ताई, हे रिपोर्टमध्ये टाकू." मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. नारळाचे पैसे देताना मी चक्क गुणगुणत होते.

पुन्हा लालबाग

यंत्राने जुळवलेलं गाऱ्हाणं मी सकाळीच नीट वाचून, दोनदा वाचून, होकार दिला होता. देवाच्या फळीपुढे पाट मांडला, पानसुपारी ठेवली. चाळीतली माणसं खोलीत, दारात, गॅलरीत दाटीवाटीने उभी. सायली पाटाजवळ खुर्चीत, सुजलेले पाय उशीवर. काका खाटेवर.

तेवढ्यात परबवहिनी म्हणाल्या, "पोटातल्या पोराचा कायच नाय ह्यात? ता घाला गो आधी." ग्लेनिसने घाईघाईने ती सूचना यंत्राला दिली. मी फुलं वाहत होते. मला वाटलं, एक ओळ वाढली असेल. यंत्राने सगळंच नव्याने जुळवलं होतं, आणि ते कुणीच वाचलं नाही.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां आज हंयसर जमली असत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरची सून उद्या दवाखान्यात जाता म्हाराजा! तिच्या वाटेत काय काटोकुटो असात तर बाजूक कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आरतीत टाळ्या आपोआप पडतात ना, तसं ते होतं. शब्द कोण ऐकतंय? सूर खाली आला की तोंड उघडायचं. मीही उघडत होते, अगदी मोठ्यांदा. त्या खोलीत मला पहिल्यांदाच कसलीच भीती वाटत नव्हती.

"पोटातला पोर सुखरूप तिच्या हातात दी म्हाराजा! आणि तेच्या बदल्यात माझा आयुष्य घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हटलं, आम्ही सगळ्यांनी. नितीनने म्हटलं, सायलीने म्हटलं, परबवहिनींनी म्हटलं, मी म्हटलं. मग एकेकाच्या चेहऱ्यावर काय बोललो ते उमटायला लागलं. नितीनचा नारळ धरलेला हात वरच राहिला. गॅलरीत कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. काका खाटेवर बसून होते. त्यांच्या आवाजात त्यांचंच आयुष्य देवाला देऊन झालं होतं आणि घरच्यांनी त्यांच्या तोंडावर होकार भरला होता.

"डिलीट कर!" नितीन ओरडला. "डिलीट कर ते आधी!"

"केलं रे, केलं," ग्लेनिस रडायच्या बेतात. "पण सगळ्यांनी ऐकलंय ना!"

मी समजावायला गेले. म्हटलं, हे यंत्र आहे, ज्या शब्दापुढे जो शब्द बहुतेक वेळा येतो तो ते ठेवतं, त्यात अर्थ नसतो. बोलता बोलता माझाच आवाज कापायला लागला. परबवहिनी कपाळाला हात लावून रडत होत्या, "मशीनाचा सोडा, व्हय कोणी म्हटल्यानी? आमीच ना? साक्षीन दिलेलो शब्द परत येना नाय ओ. ज्येना दिलो तेनाच मागे घेवचो, आणि तेका वाचा नाय!"

यंत्राला ते वाक्य सापडलं कुठे, तेही मग कळलं. नितीनची आई, म्हणजे काकी, शेवटच्या आजारात होत्या तेव्हा काकांनी असंच गाऱ्हाणं घातलं होतं, कुणाच्या तरी फोनमध्ये ते राहिलं होतं. माझा आयुष्य घे, पण हिका राख. काकी त्यातून उठल्या नाहीत.

काकांनी कुणाकडेच बघितलं नाही. नितीनच्या हातातून नारळ घेतला आणि स्वतः फोडला.

माहीम

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सायलीला हॉस्पिटलात नेलं आणि ग्लेनिस मला म्हणाली, "ताई, चला माझ्याबरोबर." माहीमच्या देवमातेच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाची, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेची, ही गर्दी. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला मांडलेल्या: हात, पाय, घर, तान्हं बाळ. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतंय ते मेणाचं वाहायचं. हिंदू, मुसलमान, सगळे रांगेत. आमच्या देवीला लोक खणनारळ वाहतात, चांदीचे डोळे वाहतात, तसंच हे, म्हणून मला जरा धीर आला.

ग्लेनिसने बाळ घेतलं. मग विक्रेतीला हळूच विचारलं, "म्हातारा माणूस आहे का?"

"फुल बॉडी आहे, जेन्ट्स," ती म्हणाली. "वयाचं वेगळं येत नाही."

ग्लेनिसने फुल बॉडी घेतली. रांगेत तिने बाळ छातीशी धरलं आणि मेणाचा माणूस माझ्याकडे दिला. उन्हाने तो मऊ पडायला लागला होता, मानेशी वाकत होता. मी दोन्ही हातांनी त्याची मान धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, हे माझे आई, ह्याला काही होऊ देऊ नकोस. कोणत्या आईला म्हणत होते कोण जाणे.

परळ

शिबिराचा समारोप मी बुडवला. हॉस्पिटलच्या बाकावर नितीन, काका, ग्लेनिस आणि मी. सायलीला आत नेलं होतं, रक्तदाब उतरत नव्हता. आमच्याकडे बाळंतपण म्हणजे घरभर बायका, कुणी शेपू निवडतंय, कुणी सल्ले देतंय. इथे पांढरी भिंत आणि दर थोड्या वेळाने उघडणारं दार. दार उघडलं की आम्ही चौघे उभे राहायचो.

नितीन हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही टाइप करा, शब्द मागे घेतला म्हणून. ग्लेनिस तुमच्या आवाजात लावेल. आत्ता, इथेच."

काकांनी मान हलवली. नाही.

"बाबा, ते तुम्ही नाही बोललात! मशीन बोललं!"

चुटकी वाजली. काका बराच वेळ टाइप करत होते. बोट अडखळत होतं. मग फोन त्यांनी नितीनपुढे नाही, माझ्यापुढे धरला. बोलतो तो कोण, हा माझा प्रश्न त्यांना ठाऊक होता ना.

"ता मीच बोललंय. नितीनच्या आवशीसाठी. तेवा देवान आयकल्यान नाय. आता आयकल्यान तर बरा."

आवशीसाठी, म्हणजे आईसाठी. मी वाचलं आणि फोन नितीनकडे दिला. कागदावर एवढा छान दिसणारा प्रश्न! त्याचं असलं उत्तर येणार हे ठाऊक असतं तर मी अंबाजोगाईहून हललेच नसते. मला नुसती भीती वाटली.

दार उघडलं. नर्स म्हणाली, "मुलगी आहे. बाळ आणि आई, दोघी ठीक." नितीन "बाबा!" म्हणून वळला आणि काका बाकावर पुढे झुकलेले. त्यांना खोकला आला होता, पण खोकल्याला आवाज नव्हता. गळ्याच्या फडक्यामागून नुसती घरघर येत होती, मग तीही थांबली. चेहरा निळसर पडत चालला. त्यांनी माझं मनगट पकडलं. ग्लेनिस किंचाळली, "नाही, नाही, नाही!" मला वाटलं, झालं. देवाने मुलगी दिली आणि दुसऱ्या हाताने घ्यायला आला.

नर्स धावली, त्यांना ओढत शेजारच्या खोलीत नेलं, नळी घातली. घट्ट कफ अडकला होता भोकात. कफ ओढायच्या यंत्राची घुर्रघुर्र झाली आणि काकांची छाती एकदम वर आली. नर्स म्हणाली, "असं होतं ह्यांचं. वाफ घ्यायला सांगितलेली, घेतली नसणार." काकांनी अपराध्यासारखी मान खाली घातली. नितीन त्यांच्या पायाशी बसून लहान पोरासारखा हुंदके देत होता. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ घरी येईपर्यंत होते.

अंबाजोगाई

परत आले त्याला आता बरेच आठवडे झाले. तेव्हापासून मुंबईचा फोन आला की माझ्या छातीत धस्स होतं. उचलायच्या आधी मी नाव वाचते, श्वास घेते, मग उचलते. अहवाल अजून लिहिलेला नाही. साहित्याचे सर बरे होऊन दर आठवड्याला विचारतात.

बारशाच्या दिवशी ग्लेनिसने व्हिडिओ कॉल लावला. तीच खोली, तोच पाट, पाळण्यात इवलं गाठोडं. काका खाटेवर, गळ्याला नवं फडकं. ग्लेनिस म्हणाली, "ताई, ह्या वेळी एकेक शब्द काकांनी स्वतः टाइप केलाय. मशीन फक्त वाचणार. मी सगळं बंद करून ठेवलंय, एक अक्षर वाढवणार नाही." मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा! मी शब्द दिलंय, तो मोडूचंय नाय म्हाराजा!"

कुणी तोंड उघडलं नाही. खोलीभर माणसं, गॅलरीत माणसं, आणि एकही व्हय नाही. सगळे कान देऊन ऐकत होते. परबवहिनींनी तर ओठांवर हात दाबून धरला होता.

"पण तू घाई करू नको म्हाराजा! ह्या चेडवाक दात येऊ देत. ता चलूक लागू दे. तेका शाळेत सोडूक माका जाऊ दे म्हाराजा! शाळा सुटल्यावर आणूकसुद्धा मीच जातलंय. मगे तुझा तू बघ म्हाराजा!"

आवाज थांबला. ह्या वेळी मधे मधे श्वासही होता, नीट, जिथे हवा तिथे. काका फोनकडे बघत होते, बहुतेक माझ्याकडेच. मी ते सगळं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. पोरीचे दात, तिचं चालणं, शाळा, सोडणं, आणणं. एकेक शब्द चाचपून पाहिला. कुठे काही लपलेलं नव्हतं. तिकडे अजून कुणी बोलत नव्हतं, सगळे एकमेकांची वाट बघत होते.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले, सगळ्यांच्या आधी.

आमचे हे हातात पेपर घेऊन स्वयंपाकघरात धावत आले. "काय झालं? कुणाला काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "तुम्ही ऐकलंत ना सगळं बाहेरून? मग तुम्हीपण म्हणा."